गिअर कुणी टाकायचा? हातानं की यंत्रानं?

मुलांनो, भरलेला मालट्रक उभ्यावरून निघताना त्याचा आवाज तुम्ही कधी नीट ऐकलाय का? आधी घर्रर्र करत आवाज चढतो, मग क्षणभर पडतो. पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. असं पाच-सहा वेळा झालं की गाडी रस्त्याला लागते. हा आवाज मध्येच का पडतो, सांगा बरं?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा आवाज नवा नाही. मार्च-एप्रिल उजाडला की शिजवून वाळवलेली हळद पोत्यांत भरून मोंढ्यावर येते. हिंगोली आणि वसमत ही हळदीची मोठी ठाणी. तिथून ट्रक भरले जातात. कुणी सांगलीच्या बाजाराकडे जातो, कुणी मुंबईकडे. शिवाय अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड असा खाली तेलंगणात उतरणारा महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो. त्यामुळे माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असतातच, ज्यांचे बाबा ट्रक चालवतात.

यंदा त्यांतलाच एक चौथीतला मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "बाई, बाबांच्या मालकानं नवी गाडी घेतली. तिच्यात गिअर आपोआप पडतो. क्लचच नाही तिला! मग आता बाबांचं काय काम?"

प्रश्न साधा नव्हता, बरं का! त्याच्या बाबांनी किन्नर म्हणून गाड्या पुसण्यापासून सुरुवात केली आणि कित्येक वर्षांनी स्टिअरिंग हातात घेतलं. गिअरचा दांडा हलवणं हीच त्यांची विद्या. ती यंत्रानं घेतली, तर? मी त्याला म्हटलं, "थांब, आपण नीट शोधून काढू." तर चला, आज तुम्हीही आमच्याबरोबर या.

गिअर लागतातच कशाला?

आधी एक गणित करू. मोठ्या ट्रकचं चाक एकदा पूर्ण फिरलं की गाडी साधारण ३ मीटर पुढं जाते. डिझेल इंजिन नुसतं उभ्यानं गुरगुरत असतं, तेव्हाही मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेतं. समजा, इंजिन सरळ चाकालाच जोडलं. मग मिनिटाला ६०० गुणिले ३, म्हणजे १८०० मीटर. तासाला किती? १०८ किलोमीटर! म्हणजे चावी फिरवली की ट्रक एकदम ताशी १०८ च्या वेगानं निघायला हवा. निघेल का? मुळीच नाही. पंधरा-वीस टनांचं ओझं उचलायला इंजिनात तेवढा जोरच नसतो. ते झटक्यात बंद पडेल.

मग काय करायचं? इंजिनाला भराभर फिरू द्यायचं आणि चाकाला सावकाश फिरवायचं. दात असलेलं लहान चक्र मोठ्या चक्राला फिरवू लागलं की वेग कमी होतो, पण जोर वाढतो. पहिल्या गिअरमध्ये जोर सगळ्यांत जास्त, वेग सगळ्यांत कमी. वरच्या गिअरमध्ये बरोबर उलटं. गिअरच्या सायकलीवर चढ चढणाऱ्याला हे लगेच कळेल. पाय भराभर फिरतात, सायकल मात्र हळू चढते. पण चढते!

आता दुसरी अडचण. फिरती चक्रं बदलायची, तर तेवढ्यापुरतं इंजिन आणि चाकं वेगळी करावी लागतात. हे काम क्लचचं. डाव्या पायानं क्लच दाबायचा, दांडा हलवायचा, क्लच सोडायचा. ट्रकचा आवाज मध्येच पडतो ना, तो याच वेळी. चालकानं क्लच दाबताना रेस सोडलेली असते.

हाताची विद्या

जुन्या गाड्यांत हे काम फारच अवघड होतं. आतली चक्रं वेगवेगळ्या वेगानं फिरायची. ती जुळली नाहीत तर 'खर्रर्र' असा अंगावर काटा आणणारा आवाज यायचा. म्हणून चालक एकाच गिअरसाठी दोनदा क्लच दाबत. जुनी मंडळी अजून त्याला 'डबल क्लच' म्हणतात. पुढे अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत १९२८ मध्ये 'सिंक्रोमेश' नावाची युक्ती आली. दात एकमेकांत शिरायच्या आधी ती दोन्ही चक्रांचा वेग सारखा करते. मग खर्रर्र थांबलं.

त्याच देशात १९३९ मध्ये जनरल मोटर्सनं पूर्ण आपोआप चालणारा गिअरबॉक्स मोटारींसाठी बाजारात आणला. पण ट्रकवाल्यांनी तो पटकन उचलला नाही. एक तर महाग. शिवाय त्या पद्धतीत इंजिनाचा जोर तेलातून पुढे दिला जातो, त्यात थोडी ऊर्जा वाया जाते. मोटारीला ते परवडतं. पण दिवसरात्र धावणाऱ्या ट्रकच्या मालकाला डिझेलचा थेंबन् थेंब मोजावा लागतो.

आपल्याकडं टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीबरोबर १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तेव्हापासून आपल्या चालकांच्या कित्येक पिढ्या हाताच्या गिअरवरच शिकल्या. पुस्तकातून नव्हे, उस्तादाच्या शेजारी बसून. आवाजावरून ओळखायचं, गाडी कोणता गिअर मागते आहे ते.

मग हा 'ऑटोमॅटिक' ट्रक म्हणजे काय?

इथं खरी गंमत आहे. आजकालच्या बऱ्याचशा आपोआप गिअरच्या ट्रकांत आतला गिअरबॉक्स जवळपास जुनाच असतो! तीच दातेरी चक्रं, तोच क्लच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात माणसाचा नसतो. दाबलेली हवा किंवा वीज ते काम करते. कधी करायचं, हे एक छोटा संगणक ठरवतो. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, चालकानं रेस किती दाबली, हे तो सतत मोजत असतो. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनं २००१ मध्ये अशा जातीचा 'आय-शिफ्ट' गिअरबॉक्स ट्रकांत आणला. आज युरोपात असेच ट्रक जास्त विकले जातात. आपल्याकडंही ते येऊ लागलेत, पण रस्त्यावर अजून हाताच्या गिअरचं राज्य आहे.

अमेरिकेत तर आणखी एक मजा. तिथं ज्यानं ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली, त्याच्या परवान्यावर तशी अट लिहितात. हाताच्या गिअरचा मोठा ट्रक त्याला चालवता येत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा!

चालकांना काय आवडतं?

त्या मुलाचे बाबा गावी आले, तेव्हा मी त्यांना शाळेत बोलावलं. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन सोबतीही आले. मुलं भोवती बसली आणि प्रश्नांचा नुसता पाऊस पडला.

एक सोबती पक्के हाताच्या गिअरच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं : मला पुढचा चढ डोळ्यांनी दिसतो, यंत्राला तो चाक चढायला लागल्यावर कळतो. मी आधीच खालचा गिअर टाकून तयार असतो. गाडी चिखलात रुतली तर मी तिला मागं-पुढं झुलवून काढतो. आडरानात बिघाड झाला तर कोणताही मिस्त्री क्लच-प्लेट बदलून देतो. त्या संगणकाला कोण हात लावणार?

दुसऱ्यांचं म्हणणं वेगळं. त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मुलांना एक गणित घातलं. दर दोन मिनिटांनी एकदा क्लच दाबला आणि दहा तास गाडी चालवली, तर किती वेळा? मुलं ओरडली, "तीनशे!" मग ते म्हणाले, की शहरातल्या गर्दीत दोन मिनिटं कुठली, दहा-दहा सेकंदाला पाय दाबावा लागतो. रात्री उतरताना गुडघा वाकत नाही. पाय दमला की माणूस दमतो आणि दमलेल्या माणसाचं लक्ष रस्त्यावर राहत नाही. ते काम यंत्र करत असेल तर खुशाल करू दे!

वर्गात चिडीचूप शांतता. आपल्या घरी हळद येते, कपडे येतात, वह्या येतात. त्यांच्यामागं कुणाचा तरी गुडघा झिजत असतो, हे मुलांना पहिल्यांदाच कळलं होतं.

आणि आमच्या त्या विद्यार्थ्याचे बाबा? ते हसून म्हणाले, की पहिले आठ दिवस डावा पाय नसलेला क्लच शोधत होता! चढावर गाडी आपल्या मनासारखी वागत नाही म्हणून रागही यायचा. मग कळलं, की नव्या गाडीतही एक सोय आहे. बटण किंवा दांडा फिरवून 'गिअर मी सांगेन तोच' असं यंत्राला बजावता येतं. आता ते शहरात यंत्रावर सोडतात, घाटात स्वतःकडं घेतात.

घाटातली गोष्ट

घाटाचं नाव निघालं आणि तिघांचंही एकमत झालं. हा भाग नीट वाचा आणि घरी कुणी गाडी चालवत असेल तर वाचून दाखवा.

कसारा घाट असो की कन्नडचा, गाडी उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवायची. असं का? गाडी गिअरमध्ये असते तेव्हा चाकं इंजिनाला जोडलेली असतात. रेस सोडली की इंजिनच चाकांना मागं ओढून धरतं. पण काही जण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग चाकं मोकळी सुटतात आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक सतत दाबला की घासून तापतो. फार तापला की धरतच नाही! कुणी त्याहून पुढं जाऊन इंजिनच बंद करतं. तेव्हा तर ब्रेकसाठी हवा भरणारा पंपही थांबतो आणि स्टिअरिंग जड होतं.

बरं, डिझेल तरी वाचतं का? तेही नाही! आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि रेसवर पाय नसेल, तर डिझेल जाणंच बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवायला थोडं डिझेल जळतच राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर नुकसानच. गिअर हातानं टाका की यंत्रानं, उतारावर न्यूट्रल करायचं नाही म्हणजे नाही.

ज्या गाडीला क्लचच नाही

१ जून १९४८ रोजी आपल्या एसटीची पहिली बस पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवर चालणारी 'शिवाई' बस धावू लागली. विजेची मोटार उभ्यावरूनच पूर्ण जोर देते. डिझेल इंजिनासारखं तिला आधी फेरे वाढवावे लागत नाहीत. म्हणून अशा बसला क्लच लागत नाही आणि चालकाला गिअर बदलत बसावं लागत नाही. उद्या ट्रकही असेच आले, तर आपला आजचा वाद आपोआपच मिटेल.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय? मी त्याला खोटं सांगितलं नाही. हाताच्या विद्येतला काही भाग यंत्र घेईल, हे खरंच आहे. पण बाबांनीच त्याला उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, "पोती नीट बांधलीत का, हे गिअर बघतो का? टायर कुठं फाटलाय, समोरून शाळेतलं पोर पळत येतंय, हे त्याला दिसतं का?" पोरगं मान हलवून म्हणालं, "नाही." "मग! माझं काम ते आहे. डावा पाय मोकळा झाला, डोळे नाहीत मोकळे झाले."

पोराचा चेहरा असा फुलला म्हणता! दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत ट्रक काढला. त्यात दांडा काढला नव्हता, पण बाबांचे डोळे चांगले मोठ्ठे काढले होते.

करून पाहा

सायकल उलटी करून ठेवा. पायडलजवळच्या चक्राचे दात मोजा, मागच्या चाकाच्या चक्राचे दात मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक किती वेळा फिरतं, ते तुम्हाला मिळेल. मग चाकाला खडूची खूण करून, हातानं पायडल सावकाश फिरवून पडताळून पाहा. बोटं मात्र साखळीपासून लांब हं!

आणि एक काम. तुमच्या गावातल्या एखाद्या ट्रकवाल्या काकांना विचारा : हाताचा गिअर बरा की आपोआपचा? आणि का? उत्तर मिळालं की त्यांना एक तांब्या थंड पाणी द्यायला विसरू नका. फार लांबून आलेले असतात ते.