पडदा तोलणारा हात

शेवयांचे यंत्र टेबलाच्या कडेला कसे बसवतात, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वरचा जबडा फळीवर टेकवायचा, खालून स्क्रू आवळायचा, की यंत्र जागचे हलत नाही. संगणकाचा पडदा, म्हणजे मॉनिटर, अधांतरी धरणारा धातूचा ‘हात’ही असाच बसवतात. त्यामुळे टेबलावर वहीपुस्तकांना जागा होते आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणता येते. मान वाकवून बसावे लागत नाही.

पण हा हात बसवताना एक प्रश्न मनात येतो. पडद्याचे वजन असते चार-पाच किलोग्रॅम. टेबलावर तर आपण याहून जड दप्तर खुशाल ठेवतो. मग हात बसवल्यावर एखाद्या टेबलाची फळी का चेचते?

एक सोपा प्रयोग करा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली छातीजवळ धरा. आता तीच बाटली हात सरळ लांब करून धरा. थोड्याच वेळात खांदा भरून येईल! बाटलीचे वजन वाढले का? नाही. वाढले ते खांद्यापासूनचे अंतर. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला ‘परिबल’ म्हणतात. टेबलाला सोसावे लागते ते हे परिबल.

आता थोडे गणित करू. समजा, हात टेबलाच्या मागच्या कडेला आवळला आहे आणि ४ किलोग्रॅमचा पडदा पकडीच्या वरच्या पट्टीच्या पुढील कडेपासून ५० सें.मी. पुढे आहे. ही पुढची कड म्हणजे तरफेचा टेकू. खालच्या स्क्रूची चकती टेकूच्या ५ सें.मी. मागे आहे. पडदा पुढे झुकू पाहतो, तेव्हा चकती फळीला खालून वर रेटते. तिचे बल किती?

४ × ५० = बल × ५

म्हणजे बल झाले ४० किलोग्रॅम-भार! आणि टेकूपाशी फळीवर पडणारा भार ४० + ४ = ४४ किलोग्रॅम. नववीतल्या एखाद्या मुलाने त्या चिंचोळ्या कडेवर उभे राहावे, तसेच हे झाले. हाताचे स्वतःचे वजन आपण यात धरलेलेच नाही.

म्हणून बसवण्यापूर्वी टेबल नीट पाहा. काचेच्या टेबलाला असा हात कधीही लावू नये. भरीव लाकूड उत्तम. भुसा दाबून केलेल्या फळीला मात्र आधार द्यावा लागतो. ४ सें.मी. व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौ. सें.मी. असते. तिच्या व फळीच्या मध्ये १० × १५ सें.मी. मापाची जाड लोखंडी पट्टी घातली, तर तेच बल १५० चौ. सें.मी. वर पसरते आणि दाब बाराव्या हिश्शावर येतो. तशीच पट्टी वरच्या बाजूलाही घालावी. पत्रा पातळ नको. तो वाकला, तर दाब पुन्हा एकाच जागी येईल.

आता स्क्रू आवळा. मूठ मध्यापासून ५ सें.मी. लांब असेल, तर एका फेऱ्यात तुमची बोटे सुमारे ३१ सें.मी. फिरतात आणि स्क्रू सरकतो जेमतेम दीड मिलिमीटर. हिशेबाने बल दोनशे पट व्हायला हवे, पण त्यातला मोठा भाग घर्षणात खर्ची पडतो. पण घर्षणाला नावे ठेवू नका. तेच स्क्रूला आपोआप उलटा फिरू देत नाही!

पकड घट्ट झाली, की हात बसवा आणि पडदा शेवटी. पडदा मऊ कापडावर पालथा ठेवला, की पाठीवर चार भोके दिसतील. ती बहुधा ७५ किंवा १०० मि.मी. बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. हे माप ‘व्हेसा’ प्रमाणानुसार ठरलेले असल्याने एका कंपनीचा पडदा दुसरीच्या हातावर बसतो. पडदा बसवताना सोबत मोठे माणूस हवेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ हातांमध्ये पोलादी स्प्रिंग किंवा दाबलेल्या वायूची नळी असते. ती पडद्याचे वजन तोलते, म्हणूनच तो बोटाने ढकलला तरी वरखाली होतो आणि सोडाल तेथे थांबतो. पडदा खाली घसरत असेल तर सांध्यातला ताणाचा स्क्रू वाढवा. आपोआप वर चढत असेल तर कमी करा. पण हात खाली असताना पडदा काढलात, तर तोलायला वजन उरत नाही. रिकामा हात एकदम वर उसळतो आणि तोंडावर किंवा डोळ्यावर आदळू शकतो. म्हणून पडदा काढण्यापूर्वी हात अगदी वरपर्यंत नेऊन ठेवावा. मग स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा फारशी उरत नाही.

जाता जाता एक उदाहरण तुमच्यासाठी. वरच्याच टेबलावर हाताचे कोपर दुमडून पडदा ५० ऐवजी २५ सें.मी. वर आणला, तर चकतीचे बल किती होईल? उत्तर काढा, म्हणजे काम संपल्यावर हात दुमडून का ठेवावा, हे कोणी सांगायची गरज उरणार नाही.