सोलापूर : तळ्याकाठचे गाव ते गिरण्यांचे शहर

सोलापूरला नदीकाठ नाही. सीना आणि भीमा या दोन्ही नद्या शहरापासून दूर अंतरावरून वाहतात आणि पाऊस अवर्षणप्रवण पट्ट्यातला, म्हणजे बेभरवशाचा. कापड गिरणीस मुबलक पाणी आणि कोळसा लागतो. त्यांपैकी पाण्याची येथे नेहमीच वानवा, आणि कोळसा आणावयाचा तो दुरून. असे असतानाही मुंबईबाहेरच्या गिरणगावांत सोलापूरचे नाव दीर्घकाळ अग्रभागी राहिले. याचे कारण भूगोलात शोधू गेल्यास ते हाती लागत नाही. ते येथे येऊन वसलेल्या माणसांत सापडते.

या वस्तीचे जुने नाव सोन्नलगी. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांचे समकालीन असलेल्या सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदविला. अध्यात्मपुरुषाच्या कार्याचा प्रारंभ लोकांसाठी पाणी साठविण्यापासून व्हावा, यात या मुलखाची खरी गरज दिसून येते. मकरसंक्रांतीस भरणाऱ्या गड्डा यात्रेत आजही नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तिच्यात मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा सहज कानी पडतात.

तलावालगतचा भुईकोट किल्ला बहमनी काळातील आहे. पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सीमेवर पडल्यामुळे तो सतत वादाचा विषय झाला. चाँदबिबीच्या विवाहात निजामशहाने हा किल्ला आंदण म्हणून विजापूरकरांना दिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १८१८ मध्ये तो पेशव्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १८६० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापुरास पोहोचला. काही वर्षे हेच त्या मार्गाचे टोक होते. १८७१ मध्ये तो रायचूरपर्यंत गेला. त्यामुळे भोवतालच्या मुलखातील कापूस व धान्य यांची मोठी पेठ येथे उभी राहिली. शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर बांधलेला एकरूख तलाव, म्हणजेच हिप्परगा तलाव, याच सुमारास पूर्ण झाला. तो मूळचा सिंचनाचा. पुढे शहराची तहानही त्याने भागविली.

हातमागाचा धंदा मात्र रेल्वेपेक्षा जुना. तेलंगणातून टप्प्याटप्प्याने आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात घरोघरी माग घातले. घरातील पुरुष विणीत आणि स्त्रिया व मुले कांड्या भरीत. कसब वंशपरंपरेने चालत आले, भाषाही टिकली. ‘पूर्व भाग’ म्हटले की सोलापूरकरांच्या मनात केवळ दिशा येत नाही. तेथील तेलुगू वस्ती, तिच्या शाळा आणि मागांचा खडखडाट येतो.

१८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. हे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि खेड्यांतील भुकेली माणसे काम शोधीत शहराकडे येत होती. गिरणीला मजूर मिळाले ते असे. शतक बदलण्याच्या आगेमागे लक्ष्मी, नरसिंगगिरजी व विष्णू या गिरण्या निघाल्या. मजुरांचा आणखी एक पुरवठा होता आणि तो सांगावयास संकोच वाटला तरी सांगणे भाग आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात डांबलेल्या कुटुंबांतील माणसे हजेरी लावून गिरण्यांत कामास जात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव मात्र राहिले.

असा कामगारवर्ग मुकाट राहणे शक्य नव्हते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठले. गोळीबार झाला, सरकारी अंमल काही दिवस नाहीसा झाला आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर जुन्या गिरणीने वेगळाच इतिहास घडविला. १९४९ मध्ये व्यवस्थापनाने ती बंद केली, तेव्हा हजारो कामगारांचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये एका भागधारकाचा अर्ज फेटाळला. परंतु डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या प्रकरणात निर्णय सरकारविरुद्ध लागला. मालमत्तेच्या हक्काविषयीची १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निर्णयांमुळे करावी लागली, त्यांत हा एक होता. एका जिल्ह्याच्या ठिकाणची बंद गिरणी थेट राज्यघटनेपर्यंत पोहोचली!

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले. विणकाम मात्र थांबले नाही. यंत्रमागावर जॅकार्डच्या साहाय्याने विणलेली सोलापुरी चादर आणि टॉवेल यांनी शहराला सावरले, आणि चादरीस भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि यंत्रमागावरील काम म्हणजे गिरणीतील कायम नोकरी नव्हे. घरखर्चाची तोंडमिळवणी पुष्कळ घरांत विडी वळणाऱ्या स्त्रियांनी केली आहे. कारखान्यातून पाने व तंबाखू आणावयाची, घरी विड्या वळावयाच्या, पुन्हा नेऊन द्यावयाच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यावयाची, असा हा क्रम. शहराच्या औद्योगिक इतिहासात त्यांची नोंद फारच थोडी आढळते.

याच स्त्रियांसाठी शहरालगतच्या कुंभारी गावच्या परिसरात दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. त्यानंतर त्याच भागात रे नगर ही असंघटित कामगारांची तीस हजार घरांची योजना हाती घेण्यात आली. तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थींच्या स्वाधीन झाली. एवढी माणसे जेथे राहावयास येतात, तेथे पाणी, शाळा, दवाखाना आणि कामावर जाण्यासाठी वाहन या गोष्टी घरांबरोबरच याव्या लागतात. शहराला आज भीमेवरील उजनीचाही आधार आहे. परंतु उजनीवर शेती आणि उद्योग यांचाही हक्क आहे, आणि धरण भरत नाही त्या वर्षी ही ओढाताण तीव्र होते. अशा वर्षी कुंभारीतील नव्या घरांत नळाला पाणी किती दिवसांनी येते, याकडे महापालिकेइतकेच जिल्हा परिषदेलाही लक्ष द्यावे लागेल.