लिंबाखाली वाचलेली कादंबरी

वैशाख लागला की अक्कलकोटात ऊन फार चढते. दुपारी कोणी बाहेर पडत नाही. दिवेलागणीला मात्र आमच्या गल्लीतले लोक लिंबाखाली येऊन बसतात. गेल्या उन्हाळ्यात तिथे आम्ही मिळून एक कादंबरी वाचली. पंधरा दिवस वाचन चालले. सोळाव्या दिवशी तिच्यावर बोलायला बसलो.

कादंबरी म्हणजे काय? कादंबरी म्हणजे मोठी गोष्ट. तिच्यातली माणसे लेखक मनाने रचतो. पण ती तुमच्या-आमच्यासारखी रडतात, भांडतात, चुकतात. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक गोष्ट लिहिली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. त्यावरून मराठीत अशा सगळ्याच गोष्टींना कादंबरी म्हणू लागले. आपल्या भागात कानडीही पुष्कळ बोलतात. कानडीतही शब्द हाच आहे.

आम्ही घेतली 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली निघाली. पुस्तक जाड नाही, भाषा सोपी. माणदेशातल्या एका धनगरवाडीत एक तरुण मास्तर येतो. शाळा ओस पडलेली असते, कारण पोरे मेंढरांमागे. गावचा म्हातारा कारभारी त्याला आधार देतो. हळूहळू शाळा भरते. गावकरी अंगमेहनतीने तालीम बांधतात. मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे गाव सोडतात. शेवटी मास्तरही निघतो.

श्रावणात पोथी लावतात तसेच आम्ही वाचले. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. पोथीच्या वेळी मध्येच कोणी शंका काढत नाही. इथे कोणीही थांबवून विचारावे, असे ठरले. नव्याने अक्षरे शिकलेल्यांनी अर्धे-अर्धे पान वाचले. कोणी अडला तर शेजाऱ्याने सांगायचे, हसायचे नाही.

चर्चेच्या दिवशी मी एक चूक केली. जुनी सवय! "या गोष्टीचे तात्पर्य काय?" असे विचारले. सगळे गप्प. जणू परीक्षाच!

मग हिवाळ्यात लिहायला शिकलेल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, त्या मास्तरानं जायला नको हुतं."

"पोरंच नाहीत तर शिकवायचं कुणाला?" मागून कोणी विचारले.

आयुष्यभर मेंढरे राखलेले एक गृहस्थ बोलले, "बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा हुतो. आई खडी फोडायला जायची. जनावर मरायला लागलं की माणूस गाव बघत नाही. जगायचं बघतो."

"सगळेच गेले तर परत आल्यावर दार कुणी उघडायचं?" मावशी म्हणाल्या. त्यांचा मुलगा पुण्याला कामाला आहे. घर त्या एकट्या राखतात. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून थोडा वेळ कोणी बोलले नाही.

ही कादंबरी मी पूर्वी दोनदा वाचली होती. गाव सोडणे बरोबर की चूक, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

एका पोराने विचारले, "काय ओ गुरुजी, हे खरंच घडलं का?" मी सांगितले, माणसे रचलेली असतील, पण माणदेश खरा आहे, आणि तिथले दुष्काळही खरे. माडगूळकर स्वतः त्याच मुलखातले. त्यांचे माडगूळ गाव आज सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात आहे.

तुमच्या गावी असे करायचे तर फार काही लागत नाही. आधी वाचनालय पाहा. आपल्या राज्यात १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि मान्यता मिळालेल्या वाचनालयांना त्याखाली सरकारी अनुदान मिळते. पातळ पुस्तक घ्या. दिवा चांगला हवा. बायकांना पुढे बसवा. मागे बसल्या की त्या बोलत नाहीत, हे मी पाहिले आहे.

त्या रात्री वाद काही मिटला नाही. शेवटची पाने पुन्हा वाचायची ठरले. मी पुस्तक उघडले, तेव्हा मावशींनी हात पुढे केला.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "ती पानं मी वाचते."