बाहत्तरचा दुष्काळ आठवतो, सकाळची गोळी नाही

ज्येष्ठांना ओपीडीत घेऊन येणाऱ्या नातेवाइकांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. ‘‘आजोबांची स्मरणशक्ती एकदम पक्की आहे हो डॉक्टर, बाहत्तरच्या दुष्काळातलं सगळं जसंच्या तसं सांगतात.’’ खडी फोडायला सोबत कोण कोण होते, रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी कशी लागायची, कामावर सुकडी किती मिळायची, सगळे तपशील तोंडपाठ. पण आज सकाळी बीपीची गोळी घेतली का, असे विचारले की आजोबा मुलाच्या तोंडाकडे पाहतात. कधी घेतलेली गोळी ते पुन्हा घेतात, कधी तीन-तीन दिवस घेतच नाहीत. घरच्यांना मात्र त्यात विशेष काही वाटत नाही. वय झाले, थोडे विसरणारच. जुने तर लख्ख आठवते ना, मग काळजी कसली?

नेमकी हीच समजूत घात करते. जुने आठवणे आणि नवे लक्षात ठेवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. एक शाबूत असताना दुसरे पार कोलमडू शकते. वैद्यकशास्त्राला हे शिकवले ते अमेरिकेतल्या एका रुग्णाने.

हेन्रीची गोष्ट

हेन्री मोलेसन हा कनेक्टिकट राज्यातला तरुण. लहानपणापासून त्याला फिट्स येत. पुढे त्या इतक्या वाढल्या की नोकरी करणे अशक्य झाले. औषधांचा उपयोग होईना, तेव्हा १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग दोन्हीकडून काढला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा मोठा हिस्सा होता. आकाराने समुद्रघोड्यासारखा दिसणारा हा भाग नेमके काय करतो, हे त्या काळी कोणाला नीट ठाऊक नव्हते.

फिट्स बऱ्याच कमी झाल्या. बुद्धिमत्ता, बोलणे, स्वभाव जसेच्या तसे राहिले. बालपणीच्या गोष्टीही हेन्री सांगू शके. पण शस्त्रक्रियेनंतर नवे काही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षे तपासत होत्या, तरी प्रत्येक भेटीत त्याच्या दृष्टीने त्या अनोळखीच असत. तीन आकडी संख्या दिली, तर मनात घोकत राहून तो ती काही मिनिटे धरून ठेवी. लक्ष दुसरीकडे गेले की संख्या तर जाईच, पण आपल्याला संख्या दिली होती, हेही पुसले जाई. जेवण झाल्यावर मिनिटभराने पुन्हा ताट पुढे ठेवले, तर तो पुन्हा जेवला, असेही एका तपासणीत दिसले.

मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. हे काम कोणालाही सुरुवातीला अवघड जाते. तीन दिवसांच्या सरावात हेन्रीच्या चुका भराभर कमी झाल्या. आपण हे आधी केले आहे, याची मात्र त्याला कल्पनाच नव्हती. त्याचा हात शिकला होता, पण शिकल्याची आठवण नव्हती.

२००८ मध्ये, ८२व्या वर्षी त्याचे निधन झाले. तोवर शास्त्रीय लिखाणात तो फक्त ‘एच. एम.’ या अद्याक्षरांनी ओळखला जाई.

आठवण तयार कशी होते?

पहिली पायरी लक्ष देण्याची. चष्मा ठेवताना मन फोनवर असेल, तर चष्मा कुठे ठेवला याची नोंदच होत नाही. याला विसरणे म्हणता येत नाही, कारण ते लक्षात आलेलेच नसते. लक्ष दिलेली गोष्ट काही सेकंद मनात तरंगते. हेन्रीकडे एवढी पायरी शाबूत होती.

पुढचे काम हिप्पोकॅम्पसचे. एखाद्या प्रसंगातला आवाज, वास, चेहरा, जागा यांची नोंद मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी होते. हिप्पोकॅम्पस या नोंदींची एकत्र गाठ मारतो. मग ती आठवण मुरत जाते, आणि या मुरण्यात झोपेचा वाटा मोठा असतो. गाढ झोपेत मेंदू दिवसभरातल्या नोंदी पुन्हा पुन्हा उजळतो. हळूहळू त्या मेंदूच्या बाह्य थरात पक्क्या होतात आणि त्यांचे हिप्पोकॅम्पसवरचे अवलंबित्व कमी होते.

पेशींच्या पातळीवर काय घडते, हे एरिक कँडेल यांनी समुद्रातल्या एका गोगलगायीवर प्रयोग करून दाखवले. अल्पकाळाच्या आठवणीत पेशींमधल्या असलेल्याच जोडण्या तात्पुरत्या बळकट होतात. दीर्घकाळाच्या आठवणीसाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात, नव्या जोडण्या फुटाव्या लागतात. या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता आजोबांचे कोडे उलगडते. दुष्काळाची आठवण पन्नास वर्षांत शंभरदा सांगून घट्ट झालेली आहे. त्यात भूक होती, भीती होती. भावनेने भारलेले प्रसंग तसेही खोल रुततात. सकाळच्या गोळीची नोंद मात्र आज, नव्याने व्हायची होती. अल्झायमरच्या आजारात सहसा सर्वांत आधी झिजतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग. म्हणूनच आजाराच्या सुरुवातीला जुने शाबूत आणि नवे गायब, असे चित्र दिसते.

विसरणे केव्हा आजार?

नाव ओठांवर येऊन अडकणे, किल्ली शोधत बसणे, पण थोड्या वेळाने आठवणे, हे वयाबरोबर होतेच. तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकाचा किंवा पैशाच्या हिशेबाचा गोंधळ उडणे, घडलेला प्रसंग आठवण करून दिल्यावरही कोरा असणे, याला वय म्हणून सोडून देऊ नये.

कारण विसरण्याची काही कारणे उपचारांनी बरी होणारी असतात. बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आढळते. थायरॉईडची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप, दारू, झोपेच्या गोळ्या, सर्दीची काही औषधे यांमुळेही स्मरण मंदावते. पडल्याचे किरकोळ निमित्त होऊन काही आठवड्यांनी मेंदूवर रक्त साचलेले सापडते. यातले बरेच काही साध्या रक्ततपासणीत, औषधांची यादी पाहून किंवा सीटी स्कॅनमध्ये कळते. मात्र माणूस एक-दोन दिवसांतच अचानक गोंधळला, भलतेच बोलू लागला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, पक्षाघात अशी कारणे त्यामागे असू शकतात. थेट रुग्णालय गाठावे.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. तरी काही रुग्णांत औषधांनी काही काळ लक्षणे सावरतात. बीपी व मधुमेह आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र लावणे, चालणे आणि माणसांत मिसळणे यांचा मेंदूला फायदा होतो. निदान लवकर झाले, तर बँकेचे, घराचे निर्णय त्या व्यक्तीला स्वतः घेता येतात. उशीर झाला की ते इतरांना घ्यावे लागतात.

घरच्यांनी काय करावे?

‘सून जेवायला देत नाही’, ‘माझे पैसे कोणीतरी घेतले’ अशा तक्रारींवरून घरे दुभंगतात. तासापूर्वीच्या जेवणाची नोंदच नसलेली आजी खोटे बोलत नसते. तिच्या दृष्टीने ती जेवलेलीच नसते, आणि पैसे जिथे ठेवल्याचे तिला आठवते तिथे ते खरेच नसतात. अशा वेळी वाद घालून उपयोग होत नाही. ‘‘मी कोण, ओळख बघू?’’ अशी पाहुण्यांसमोर परीक्षाही घेऊ नये. स्वतःच नाव सांगून बोलायला सुरुवात करावी. गोळ्या वारांच्या कप्प्यांच्या डबीत ठेवाव्यात, दिवस-तारीख दिसेल असे मोठे कॅलेंडर लावावे.

हेन्रीच्या हाताने शिकवलेली गोष्टही कामाला येते. सवयीच्या हालचालींची स्मृती मेंदूच्या दुसऱ्या भागात असते आणि ती बराच काळ टिकते. काल काय झाले हे न सांगू शकणारी आजी फुलांचा हार गुंफते, लसूण सोलते, भजनात टाळ धरते. ही कामे तिच्याकडून काढून घेऊ नयेत. आपण अजून उपयोगी आहोत, हे तिला त्यातूनच जाणवत राहते.

स्मरण केवळ मागे पाहण्यासाठी नसते. हिप्पोकॅम्पसला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या अनेक रुग्णांना उद्याचा प्रसंग मनात रंगवणेही कठीण जाते. कालचे हाताशी नसेल, तर उद्याची आखणी कशाच्या आधारे करायची?

तेव्हा आजोबा दुष्काळाच्या आठवणी सांगू लागले की जरूर ऐकाव्यात, जमल्यास लिहूनही ठेवाव्यात. पण डॉक्टरांकडे जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्याव्यात आणि काल दुपारी घरी कोण आले होते, हे त्यांना आठवते का, तेही पाहून जावे.