बेकर स्ट्रीटचा मुष्टियोद्धा

२००९च्या नाताळात गाय रिचीचा ‘शेरलॉक होम्स’ पडद्यावर आला. खुरटी दाढी वाढलेला, उघड्या अंगाने मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरलेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर पाहून होम्सच्या अनेक जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. चित्रपटाने जगभरात ५० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, पण आरामखुर्चीत पाइप ओढणाऱ्या बुद्धिवंताचा पार गुंड करून टाकला, ही तक्रार काही मिटली नाही.

तक्रार करणाऱ्यांच्या मनातला होम्स तरी कॉनन डॉयलचा कुठे आहे? कानपट्ट्यांची टोपी ठसवली सिडनी पॅजेटच्या चित्रांनी. बाकदार पाइप अमेरिकन नट विल्यम जिलेटने रंगभूमीवर रूढ केला. आणि धांदरट, भाबडा वॉटसन ही नायजेल ब्रूसची देणगी. १९३९ ते १९४६ या काळात होम्स झालेल्या बॅझिल रॅथबोनबरोबरच्या १४ चित्रपटांतून तो लोकांच्या डोक्यात पक्का बसला.

डॉयलचा होम्स हात चालवणाराच होता. १८८७ साली तो प्रथम अवतरला तो ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’ या नाताळ अंकात, म्हणजे आपल्या दिवाळी अंकांच्या विलायती भावकीत. त्यातल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्येच वॉटसनने त्याच्या गुणदोषांची यादी केली आहे आणि काठी, तलवार, मुष्टियुद्ध यांतलं त्याचं कसब नोंदवलं आहे. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये मॅकमर्डो हा धंदेवाईक मुष्टियोद्धा होम्सला दारातच अडवतो, चार वर्षांपूर्वी आपण तीन फेऱ्या खेळलो होतो याची आठवण होम्सने दिल्यावर मात्र खुशीने आत सोडतो. रायशनबाखच्या धबधब्यावर होम्स कट्टर शत्रू मोरिआर्टीच्या तावडीतून सुटतो तो ‘बरित्सु’ या युद्धकलेच्या जोरावर, असं तो नंतरच्या कथेत सांगतो. गंमत अशी, की ही झटापट १८९१ची आणि बार्टन-राइटने लंडनमध्ये ‘बार्टित्सु’ ही खरी विद्या आणली ती १८९८-९९च्या सुमारास. होम्स वाचला तो जन्मालाही न आलेल्या विद्येमुळे!

तेव्हा मारामारी रिचीने बाहेरून आणलेली नाही. त्याने बदलली ती विचाराची दिशा. डॉयलचा होम्स मागे जातो: बुटावरचा चिखल पाहून माणूस कुठून आला ते सांगतो. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’च्या शेवटी तो स्वतःच म्हणतो, की परिणामाकडून कारणाकडे उलटं जाणं फार थोड्यांना जमतं. रिचीचा होम्स पुढे जातो. ठोसा मारण्याआधी काळ मंदावतो. कुठे मारायचं, काय मोडेल, समोरच्याला सावरायला किती दिवस लागतील, याचा हिशेब आपण त्याच्या तोंडून ऐकतो आणि मग तेच सगळं डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच घडतं. रिची स्वतः ब्राझिलियन जिउ-जित्सु खेळणारा, डाउनी विंग चुनचा साधक. म्हणून हा हिशेब पोकळ वाटत नाही. विचार पडद्यावर दिसत नाही, पात्राला तो बोलून दाखवावा लागतो आणि तेवढ्यात कथा खोळंबते. हा जुना पेच इथे बऱ्यापैकी सुटला आहे.

ज्यूड लॉचा वॉटसन तर मला मूळच्या सर्वांत जवळचा वाटतो. कथेतला वॉटसन लष्करी डॉक्टर. जहाजातून मुंबई बंदरात उतरून तो अफगाण युद्धावर गेला आणि १८८०मध्ये मैवंदला जखमी झाला. त्याच रणात मुंबई लष्कराच्या पलटणीही लढल्या होत्या. चित्रपटातली त्याची जुगाराची खोडही उपरी नाही. जखमेपोटी मिळणाऱ्या पेन्शनीतला निम्मा पैसा घोड्यांवर जातो, अशी कबुली तो ‘शॉसकम ओल्ड प्लेस’मध्ये देतो. योगायोग पाहा, ग्रॅनडा वाहिनीने १९९१मध्ये याच कथेवर केलेल्या भागात कोवळ्या ज्यूड लॉची छोटी भूमिका होती.

आयरीन ॲडलरचं मात्र वाटोळं झालं. कथेत ती होम्सला सरळ चकवून निघून जाते. इथे मोरिआर्टीच्या तालावर नाचते आणि होम्सने सोडवण्याची वाट पाहते. हे पाप हाणामारीचं नाही, पटकथेचं आहे.

विचाराच्या त्या दोन दिशा रायशनबाखलाही दिसतात. ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये (१८९३) डॉयलने रायशनबाखची झुंज दाखवलीच नाही. वॉटसनला कड्याकडे गेलेल्या, पण न परतलेल्या पावलांच्या खुणा दिसतात आणि त्यांवरून तो उलटा तर्क बांधतो. रिचीच्या २०११च्या ‘अ गेम ऑफ शॅडोज’मध्ये होम्स आणि मोरिआर्टी दोघेही समोरासमोर उभे राहून ती झुंज मनातच लढतात. होम्सचा खांदा जायबंदी आहे. पुढचा प्रत्येक डाव मांडून पाहिला तरी उत्तर हारच येतं. तेव्हा तो शत्रूला कवटाळून कठड्यावरून खाली झेपावतो. वॉटसन नेमका त्याच क्षणी दारात येतो. सगळं डोळ्यांदेखत घडल्यावर बिचाऱ्याला तर्क करायला काही उरतच नाही.