रानात मन का निवतं?

निवृत्ती, जोडीदाराचा वियोग, मुलं परगावी जाणं. अशा वळणावर मन एकाच विचाराभोवती घुटमळत राहतं. चार दिवस रानात राहून आलेली माणसं मात्र बऱ्याचदा हलकी होऊन परततात. असं का होतं?

२०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी शहरवासीयांना ९० मिनिटं चालायला लावलं. काहींना झाडा-गवतातून, काहींना रहदारीच्या रस्त्यावरून. हिरव्या वाटेवरून आलेल्यांचं स्वतःविषयीचे नकारात्मक विचार उगाळणं कमी झालं. त्याच्याशी निगडित मेंदूच्या एका भागाची क्रियाही मंदावली. रस्त्यावरून आलेल्यांत असा फरक दिसला नाही.

रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं स्पष्टीकरण असं: हिशेब, निर्णय, फोन यांसाठी लक्ष नेटानं लावावं लागतं आणि ते थकतं. पानाच्या कडेनं सरकणारी अळी, पाण्यावरची चमचम लक्ष अलगद वेधून घेते. तेवढ्यात थकलेलं लक्ष ताजंतवानं होतं.

यानं दुःख मिटत नाही. नैराश्य गंभीर असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण आयुष्याचा मोठा निर्णय घेण्याआधी मनाला ही विश्रांती जरूर द्या, फोन बंद ठेवून.