नव्या छताखाली कोण उभं राहणार?

मी चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसाखाणींत मायनिंग सरदार म्हणून लागलो आणि ओव्हरमन होऊन निवृत्त झालो. लग्नकार्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न गॅसचा, दुसरा पाण्याचा. त्यात नवल नाही. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसलं, 375 माणसं गेली. पुढे त्यावरून ‘काला पत्थर’ आला. छत मात्र एकेकट्याला नेतं आणि त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

पाळी सुरू होण्याआधीच्या दोन तासांत सरदाराने प्रत्येक फेस, म्हणजे कोळसा काढायची जागा, तपासायचा, असा नियम आहे. ही तपासणी होते कशी? डावा तळवा छताला टेकवायचा, उजव्या हातातल्या काठीने शेजारी ठोकायचं. टणक आवाज आला तर ठीक. धप्प आवाज आला किंवा तळव्याला थरथर जाणवली, तर वरचा थर सुटलाय असं समजायचं. कुंभाराकडे माठ घेताना बाया टिचकी मारून बघतात ना, तसंच. फक्त इथे माठ डोक्यावर असतो. मग ड्रेसर लांब सब्बल घेऊन, स्वतः पक्क्या छताखाली उभा राहून, सुटा दगड पाडतो. लांब सब्बल महत्त्वाची. आखूड सब्बलीने काम करणाऱ्याला मी तिथल्या तिथे बाहेर काढायचो. माझ्या शिव्या त्यासाठीच प्रसिद्ध होत्या.

सगळ्यांत वाईट वेळ ब्लास्टिंगनंतरची. कोळसा निघाला की त्याच्या वरचं छत पहिल्यांदाच उघडं पडतं. आणि पूर्वी नेमकं तिथेच लोडर टोपली भरायला वाकायचे. लाकडी खांब होते, पण छत थोडं खाली बसल्यावरच खांब खरा भार घेतो. शिवाय पुढच्या ब्लास्टिंगमध्ये तो उडून पडायचा तो वेगळाच.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. लाकडाच्या जागी रूफ बोल्ट आले. छताला भोक पाडायचं, सिमेंटची किंवा रेझिनची कॅप्सूल सारायची, सळई घुसवायची, खाली प्लेट लावून नट आवळायचा. थर एकमेकांना बांधले जातात आणि छत स्वतःचा भार स्वतः पेलतं. दुसरी गोष्ट, टोपलीऐवजी एसडीएल, म्हणजे साइड डिस्चार्ज लोडर, हे यंत्र आलं. त्याची बकेट पुढे नव्या छताखाली जाते, चालवणारा मागे, आधार दिलेल्या छताखाली राहतो. माझ्या मते पोस्टर, शपथा आणि सुरक्षा सप्ताहाचे हारतुरे एका पारड्यात टाकले, तरी हे यंत्र जड भरेल.

पेच उरलाच. लोडर मागे आला, पण बोल्ट बसवणारा आता सगळ्यांत पुढे. त्याने आधी तात्पुरता टेकू लावून मगच ड्रिल उचलायचं असतं. टेकू लावायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे टन. एका खाणीत मी टेकूशिवाय चाललेला फेस बंद केला, तर वरून फोन आला : “सरदारकी दाखवू नका, कोळसा दाखवा.” मी रिपोर्ट बुकात माझ्या हाताने ‘काम बंद’ लिहिलं. सही केलेलं ते पान खोडायला फोनवरचे साहेब काही आले नाहीत.

पण माझी नोकरी पक्की होती. ठेकेदाराकडे कामाला असलेल्या पोराने अशी मान ताठ ठेवली, तर उद्या हजेरीत त्याचं नाव नसेल. 1955 च्या खाण नियमांनी पाचशे किंवा त्याहून जास्त माणसांच्या खाणीत कामगारांच्या वतीने तीन निरीक्षक नेमायची सोय केली. व्यवस्थापनाच्या माणसांसारखेच तेही खाण तपासू शकतात. हे त्या पोराला सांगतो कोण? निरीक्षकांची नावं आणि फोन नंबर हजेरीच्या खिडकीपाशी मोठ्या अक्षरांत लावा, असं मी सुरक्षा समितीच्या बैठकीत सुचवलं होतं. मिनिट्समध्ये आलं, भिंतीवर काही आलं नाही.